चित्ताची स्थिरता आणि मुलांचा अभ्यास



शाळाभेटीच्या वेळी वर्गशिक्षकांना मी एक प्रश्न नेहमी विचारीत असतो : या वर्गातील मागे पडणारी मुले कोणती, आणि ती का मागे पडतात ? प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर तत्काळ मिळते. चार-पाच नावे शिक्षकांच्या ओठांवरच असतात. उत्तरार्धाचे उत्तर मात्र शाळा कोणतीही असो, बहुधा एकाच साच्याचे असते : “त्याचे लक्षच नसते, साहेब.”

हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. लेखणी कशी धरावी हे आपण मुलाचा हात हातात घेऊन शिकवितो. अक्षराचे वळण गिरवून घेतो. कवायतीत पाऊल कसे टाकावे तेही दाखवितो. पण ‘लक्ष दे’ ही आज्ञा दिवसातून शंभर वेळा करूनही लक्ष कसे द्यावे, हे आपण त्याला क्वचितच दाखवितो. जे शिकविलेच नाही ते न आल्याबद्दल मूल बोलणी खाते, आणि चौथीपर्यंत पोहोचता पोहोचता ‘मी ढ आहे’ अशी स्वतःविषयीची समजूत करून घेते. ही समजूत एकदा पक्की झाली की पुढे ती काढणे फार कठीण जाते. म्हणून अवधान ही शिकविण्याची गोष्ट आहे, आणि ध्यानाचा साधा अभ्यास हे ती शिकविण्याचे एक साधन आहे, एवढे या पाठात मांडावयाचे आहे.

१. अवधान म्हणजे काय ?

तिसरीच्या वर्गातील एक उदाहरण घेऊ. फळ्यावर ४८ अधिक २७ अशी बेरीज आहे. आठ आणि सात पंधरा. पाच मांडले, हातचा एक. इतक्यात खिडकीबाहेरून ट्रॅक्टर जातो. मुलाची मान तिकडे वळते, परत येते. आणि उत्तर येते ६५. मुलाला बेरीज येत नाही काय ? येते. हातच्याची रीत त्याला समजली नाही काय ? समजली आहे. तो हातचा क्षणभर मनात धरून ठेवावयाचा होता, तेवढा मात्र सुटला. मनाच्या ओंजळीत एका वेळी फार थोडे मावते, आणि लक्ष हलले की तेवढेही सांडते. वाचताना ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरणे, श्रुतलेखनात मधला शब्द गाळणे, तोंडी सूचनेतील दुसरा भाग हरवणे, या साऱ्या चुकांचे मूळ पुष्कळदा हेच असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकाग्र मन म्हणजे कधीच न भटकणारे मन नव्हे. तसे मन मोठ्यांनाही लाभत नाही. अमेरिकेतील किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रौढ माणसांना दिवसभरात अवचित विचारण्यात आले, की या क्षणी तुमचे मन हातातील कामावर आहे की अन्यत्र ? सुमारे ४७ टक्के वेळा ते अन्यत्र होते. मोठ्यांची ही स्थिती असेल तर आठ वर्षांच्या मुलाला आपण कोणत्या तोंडाने रागवावे ?

एकाग्रता म्हणजे गेलेले मन परत आणण्याची सवय. पेरणीच्या वेळी बैल तास सोडून बाजूला जातो. जाणता शेतकरी त्याला चाबकाने झोडपीत नाही. कासरा हलकेच ओढून त्याला पुन्हा तासावर घेतो. असे दिवसातून कितीदा तरी करावे लागते, आणि एवढ्याने बैल निकामी आहे असे कोणी म्हणत नाही. मनाचेही तसेच आहे. कासरा कसा ओढावा, एवढेच मुलाला शिकवावयाचे आहे.

२. पूर्वसूरींचा अनुभव

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार फार खोलवर झालेला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसरा पाद धारणेपासून सुरू होतो. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा, आणि तेथेच त्याचा प्रवाह अखंड राहणे हे ध्यान, असा क्रम तेथे सांगितला आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार खुद्द अर्जुन करतो. त्याला मिळालेले उत्तर शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे : मन चंचल आहे हे मान्य, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरता येते. तक्रार करणाऱ्या शिष्याला तेथे रागावलेले नाही. बौद्ध परंपरेत मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याची रीत पायरीपायरीने सांगितली आहे.

आधुनिक शिक्षणशास्त्रज्ञांनीही ही गोष्ट ओळखली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भटकणारे अवधान पुनःपुन्हा परत आणण्याच्या शक्तीला विवेकाचे व इच्छाशक्तीचे मूळ मानले, आणि ही शक्ती वाढवील ते शिक्षण सर्वोत्तम ठरेल, असे मत मांडले. मात्र तसे शिक्षण नेमके कसे द्यावे हे सांगणे अवघड आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे एकदा त्या चार महिन्यांच्या एका तान्ह्या मुलाला घेऊन आल्या. बाळ किती शांत आहे, त्याचा श्वास किती हळू चालतो, हे मुलांच्या ध्यानी आणून देताच सारी मुले आपण होऊन निश्चल झाली. त्यातून पुढे शांततेचा पाठ तयार झाला. मुलांनी अगदी स्तब्ध बसावयाचे. बाईंनी शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजावयाचे. नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता यावयाचे. येथे शांतता शिक्षेने आलेली नाही. मुलांनी ती एक कर्तबगारी म्हणून कमावलेली आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धती आपल्या मातीत रुजविली, म्हणून हा पाठ आपल्याला परका नाही.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली शांतिनिकेतन येथे विद्यालय काढले. तेथे सकाळी व सायंकाळी पंधरा पंधरा मिनिटे मुलांनी शांत बसावे, असा परिपाठ होता. त्याविषयी रवींद्रनाथांनी जे लिहिले आहे ते फार मार्मिक आहे. मुलांनी ध्यानाचे सोंग आणावे अशी त्यांची अपेक्षा नव्हती. ईश्वरचिंतनाऐवजी मुले झाडावर चढणाऱ्या खारी पाहत बसली तरी त्यांची हरकत नव्हती. शांत बसून स्वतःला आवरणे एवढाच त्यांचा आग्रह होता. आपल्या शाळांतून हा उपक्रम सुरू करताना शिक्षकांनी या खारी विसरू नयेत.

३. आजचे प्रयोग काय सांगतात ?

अलीकडे या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही प्रकार शिक्षकांना ठाऊक असावेत. २०१३ साली कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी ४८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना दोन आठवडे ध्यानाचे शिक्षण दिले, काहींना तितकाच काळ आहारशास्त्र शिकविले. ध्यान शिकलेल्या गटाचे वाचन-आकलन सुधारले, मनात माहिती धरून ठेवण्याची क्षमता वाढली, आणि परीक्षेच्या वेळी मनाचे भटकणे कमी झाले.

याच्या उलट, ब्रिटनमध्ये ११ ते १४ या वयाच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. तेथे शिक्षकांनी वर्गात ध्यानाचे पाठ घेतले. परंतु मुलांच्या मानसिक स्वास्थ्याच्या बाबतीत नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसून आला नाही. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, हीही गोष्ट नोंदली गेली.

या दोन्हींवरून आपण काय घ्यावे ? ध्यान हा रामबाण उपाय नव्हे. सर्व मुलांना ओळीत बसवून वरून लादलेला कार्यक्रम बहुधा वाया जातो. परंतु थोडा, नियमित आणि प्रत्यक्ष अभ्यासाशी जोडलेला सराव अवधानाला उपकारक ठरू शकतो. यापेक्षा मोठे वचन पालकांना देऊ नये.

४. प्रत्यक्ष पाठ

वेळ : परिपाठ संपल्यावर पहिल्या तासाच्या आरंभी. जेवणानंतर लगेच हा पाठ घेऊ नये. मुलांना डुलकी येते.

कालावधी : पहिली-दुसरीस एक मिनिट, तिसरी-चौथीस दोन ते तीन मिनिटे, पाचवीपासून पुढे पाच मिनिटे. मुलांनी आपण होऊन मागितल्याखेरीज यात वाढ करू नये.

बैठक : मांडी घालून अथवा बाकावर, पाठ सरळ, खांदे सैल. डोळे मिटावेत किंवा जमिनीकडे लावावेत. ज्याला जे सोयीचे असेल ते.

पहिला आठवडा, ऐकणे. शाळेच्या घंटेवर अथवा पितळी थाळीवर एकच ठोका द्यावा. नाद पूर्ण विरला असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा. नंतर एक मिनिट शांत बसून किती निरनिराळे आवाज ऐकू आले ते सांगावे. दूरचा पंप, पाकोळी, शेजारच्याचा श्वास, पत्र्यावरून घरंगळलेले पान, असे कितीतरी मुले सांगतात. रोजच्या गलक्यात हे आवाज आपण ऐकलेच नव्हते, याचे त्यांना नवल वाटते.

दुसरा आठवडा, श्वास. एक तळहात पोटावर ठेवावा. श्वास जसा येतो तसा येऊ द्यावा. तो रोखू नये, मुद्दाम दीर्घ करू नये. हात वर-खाली होतो तेवढे जाणावे.

तिसरा आठवडा, मोजणे. प्रत्येक सोडलेल्या श्वासाला मनात एक अंक : एक ते दहा. अंक चुकला अथवा विसरला, तर मुकाट्याने पुन्हा एकपासून. ‘दहापर्यंत कोण पोहोचले ?’ असा प्रश्न कधीही विचारू नये. तो विचारला की शर्यत सुरू होते, आणि शर्यतीबरोबर खोटे बोलणेही. ‘मन गेलेले कोणाला कळले ?’ असे विचारावे.

एका वर्गात हा पाठ मी घेत असता झालेला संवाद येथे देतो.

“गुरुजी, माझं मन सारखं शेळीकडे जातं. ती व्यायली आहे ना काल.”

“जाऊ दे की. ते शेळीकडे गेलं, हे तुला कळलं ना ?”

“हो.”

“मग काय केलंस ?”

“परत एकपासून मोजलं. मग ते पुन्हा गेलं.”

“मग ?”

“मग मी पुन्हा आणलं.”

“हाच आजचा अभ्यास. तू तो दोनदा केलास.”

त्या मुलीच्या चेहऱ्यावरील समाधान मी विसरलो नाही. लक्ष जाणे हा अपराध नसून ते परत आणणे हे यश आहे, हे तिला प्रथमच कोणी सांगत होते.

५. स्थिरतेकडून अभ्यासाकडे

पुष्कळ शाळांतून मौन पाळले जाते, आणि मौन संपताच दप्तरांची आदळआपट सुरू होते. अशाने मौन मौनाच्या जागी राहते व अभ्यास अभ्यासाच्या जागी. या दोहोंमध्ये पूल बांधणे हे शिक्षकाचे खरे काम आहे. त्यासाठी चौथ्या आठवड्यापासून पुढील क्रम ठेवावा.

शांत बैठक संपताच, मध्ये काहीही न बोलता, मुलांनी पाठ्यपुस्तकातील एक लहान उतारा मनात वाचावा. वाचताना मन गेले तर त्याच ओळीच्या आरंभी यावे. श्वास मोजताना एकवर येत होतो, तसेच. पाच-सहा मिनिटांनी पुस्तक मिटावे, आणि आठवेल तेवढे पाटीवर अथवा वहीत लिहावे. त्यानंतर पुस्तक उघडून काय राहून गेले ते पाहावे. आठवून लिहिण्याचा हा भाग गाळू नये. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की तोच उतारा पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा एकदा वाचून तो आठवण्याचा प्रयत्न केल्यास काही दिवसांनंतर अधिक स्मरणात राहतो. ध्यानाने भांडे स्थिर होते, पण स्थिर भांड्यात पाणी ओतावे हे लागतेच. जो अभ्यास केलाच नाही तो ध्यानाने येणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

घरच्या अभ्यासाविषयी पालकसभेत एवढेच सांगावे : मुलाला दिवसातून वीस मिनिटे एकसलग द्या. एका खोलीच्या घरात वेगळी अभ्यासिका कोठून येणार ? पण तेवढा वेळ दूरदर्शन संच बंद ठेवणे, मोबाईल मुलाच्या हातापासून व नजरेपासून दूर ठेवणे, आणि ‘अमुक आण, तमुक दे’ म्हणून त्याला न उठविणे, हे कोणत्याही घरात शक्य आहे.

६. माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. पण ती सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही.

मी सेवेच्या आरंभी एका लहान गावी शिक्षक होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की तो माझ्या तोंडाकडे पाहत राही आणि भलतेच उत्तर देई. मी त्याला कितीदा रागावलो याची गणती नाही. पुढे ध्यानाविषयी काही वाचनात आले आणि मी उत्साहाने त्याला रोज मधल्या सुटीत डोळे मिटून बसवू लागलो. इतर मुले अंगणात खेळत, आणि तो एकटा भिंतीशी बसे. मला वाटे, मी त्याच्यावर उपकार करीत आहे.

दोन महिने असे गेले. एके दिवशी त्याची आजी शाळेत आली. ती रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, याचा कान वाहतो लहानपणापासनं. डोळे झाकले तर याला काहीच कळत नाही. तोंडाकडं बघूनच तो समजून घेतो.”

मुलाचे लक्ष नव्हते असे नाही. किंबहुना वर्गातील सर्वांत अधिक लक्ष तोच देत होता. माझ्या ओठांवरून शब्द ओळखण्यासाठी. त्याचे ते एकमेव साधनही मी डोळे मिटावयास लावून काढून घेत होतो. पुढे त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले, औषधोपचार झाले, मी त्याला पहिल्या रांगेत बसविले व बोलताना त्याच्याकडे तोंड करू लागलो. त्याची गाडी रुळावर आली. परंतु तो मधल्या सुटीत भिंतीशी बसलेला मला अजून दिसतो. त्या मुलाने मला कधीच काही म्हटले नाही, याचेच अधिक वाईट वाटते.

७. दक्षता

या अनुभवावरून आणि पुढील वर्षांच्या निरीक्षणावरून काही गोष्टी निश्चित सांगतो.

(अ) मुलाचे लक्ष नसते असे म्हणण्यापूर्वी त्याचे कान, डोळे, पोट आणि झोप पाहावी. फळ्यावरचे त्याला दिसते काय ? तो सकाळी काही खाऊन येतो काय ? पहाटे धारा काढण्यास उठतो काय ? आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे आधी लिहून ठेवावीत व ती पथकाला आवर्जून सांगावीत. भुकेल्या मुलाला आधी अन्न पाहिजे. श्वास मोजणे नंतर.

(आ) शांत बसणे ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. एकट्या मुलाला तर मुळीच बसवू नये. बसावयाचे तर सर्वांनी, शिक्षकासह.

(इ) डोळे मिटल्यावर एखादे मूल घाबरते, रडू लागते. घरात मृत्यू, भांडण, आजार असे काही असू शकते. त्याला डोळे उघडे ठेवू द्यावेत, चित्र काढू द्यावे. चारचौघांत कारण विचारू नये.

(ई) आपल्या शाळा शासकीय निधीवर चालतात आणि त्यांत सर्व धर्मांची मुले शिकतात. अशा शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. म्हणून या पाठात मंत्र, मूर्ती, देवनाम यांपैकी काही आणू नये. श्वास सर्वांचा सारखाच असतो. पालकांनी शंका विचारली तर त्यांना वर्गात बोलावून पाठ दाखवावा.

(उ) शिक्षकाने आधी स्वतः पंधरा दिवस हा सराव करावा. आपले मन पाच श्वासही टिकत नाही, हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने कळले तो मुलांवर खेकसणार नाही. मला वाटते, या उपक्रमाचा पहिला लाभ मुलांना होतो तो याच वाटेने.

(ऊ) नोंद साधी ठेवावी. दर सोमवारी दहा तोंडी उदाहरणे घालावीत व हातचा विसरल्याच्या चुका तेवढ्या वेगळ्या मोजाव्यात. एकच सूचना किती वेळा सांगावी लागली, तेही टिपावे. चुका कमी झाल्या तर सारे श्रेय ध्यानाला देऊ नये, कारण मुले रोजच्या शिकण्यानेही पुढे जातच असतात. कमी झाल्या नाहीत तर तसेच प्रामाणिकपणे लिहावे. वरिष्ठांना बरे वाटावे म्हणून भरलेली नोंदवही कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

८. समारोप

दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे, पोषण आहार पाहावयाचा, माहितीचे तक्ते भरावयाचे. त्यात हे आणखी एक काम कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. मी तीस वर्षे याच कामात आहे, म्हणून ही तक्रार अस्थानी आहे असे म्हणणार नाही. पण या उपक्रमाला साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, नवे नोंदणीपुस्तक लागत नाही. दिवसातील दोन-तीन मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांत शिक्षकाने स्वतः स्वस्थ बसावे लागते. आपल्या वर्गातील ज्या मुलाविषयी ‘त्याचे लक्षच नसते’ असे आपण म्हणत आलो, त्याच्याजवळ उद्या जाऊन बसा. आधी त्याचे कान-डोळे पाहा, त्याने काही खाल्ले आहे काय ते विचारा. आणि मग त्याच्यासह साऱ्या वर्गाला घंटेचा एक ठोका ऐकू द्या.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील ‘लक्ष नसलेल्या’ मुलांपैकी किती जणांची दृष्टी व श्रवण तपासले गेले आहे ?

२. मन भटकल्याचे मुलांनी निर्भयपणे सांगावे यासाठी आपण वर्गात काय केले ?

३. शांत बैठकीनंतरचे वाचन व नेहमीचे वाचन यांत काही फरक आढळला काय ? आढळला नसल्यास त्याची कारणे कोणती असावीत ?